काल तोडलेलं

पाणी साडेसहाला येतं.
त्याआधी एक चित्र.
असं कुणाशी ठरवलेलं नाही,
पण कोलबाडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये
पंप घुरघुरला
की ब्रश आपोआप खाली.

वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं
मी तपासनीस होतो. बुशिंग, पिना, वॉशर.
व्हर्नियरच्या जबड्यात धरायचं,
बसलं तर पुढे,
नाही बसलं तर लाल ठिपका.

पहिली काढली जास्वंद. सोपी वाटली म्हणून.
खालच्या दाभाड्यांच्या कुंडीतली, न विचारता.
पाकळ्या पाच, मोजून,
पाचही एका मापाच्या, एका अंतरावर.
हिनं चष्मा लावला, जवळ धरून पाहिलं,
म्हणाली, "पंखा छान आलाय."

मग तगर, सदाफुली,
येऊरच्या रस्त्यावरची घाणेरी,
जिच्या एकाच गुच्छात पिवळा आणि गुलाबी
भांडण न करता बसतात.
गोकर्णीचा निळा डबीत नव्हता.
तीन सकाळी मिसळत बसलो,
तिसऱ्या दिवशी ब्रश बुडवला तो चहात.
चहा तरीही प्यायलो.

हौसेला मोल नसतं म्हणतात.
असतं. जाड कागद अठ्ठावीस रुपयाला एक.
म्हणून मी कंपनी बंद झाली तेव्हा उचलून आणलेल्या
तपासणीच्या फॉर्मांच्या पाठीवर काढतो.
पाणी लागलं की कागद पापडासारखा फुगतो,
आणि उजेडात धरला तर
फुलामागून रकाने दिसतात:
माप. फरक. शेरा.

फूल नसेल त्या दिवशी जे असेल ते.
कुकरची रिंग. मेथीची जुडी, रबर न काढता.
एकदा वाटीतल्या पाण्यात ठेवलेली हिची कवळी.
ती फार चांगली आली होती.
दोन दिवस बोलली नाही.

जांभळी नाक्यावर गुणाबाई बसते.
मान मोडलेलं एखादं फूल मला फुकट देते.
सात महिने तिला वाटलं
आमच्या घरी देव फार गरीब आहेत.
शेवटी सांगितलं.
"दाखवा की मग," म्हणाली.

प्लास्टिकच्या फाइलीत तीसेक चित्रं नेली.
तिनं ओले हात पदराला पुसले,
पुन्हा पुसले,
आणि नोटा मोजाव्यात तशी बघत गेली.
गुलाब, गेला. लिली, गेली.
एका शेवंतीशी थांबली.

"हे काल तोडलेलं हाय."

नाही हो, म्हटलं, त्याच सकाळी तुम्हीच दिलंत.

"दिलं सकाळी. तोडलं आदल्या दिवशी.
रातभर टेम्पोत हुतं. हितं बघा."

तिचं बोट देठाजवळच्या पाकळीवर होतं,
जिथे माझा हात घसरला होता,
जिथे पिवळ्यात तपकिरी उतरला
आणि कड जराशी आत वळली.
मी काढलं नव्हतं ते.
किंवा काढलं होतं,
मला विचारल्याशिवाय.

"आणि हा कोपऱ्यात लाल ठिपका कसला?"

सवय, म्हटलं.

ती हसली नाही. गिऱ्हाईक आलं होतं,
वेणीचा भाव दहानं जास्त सांगून झाला,
पाच कमी झाले, गजरा पानात गेला.
मग टोपलीत हात घालून
निशिगंधाची एक कळी माझ्या फाइलीवर ठेवली.
"ही उद्याची. जमतीय का बघा."

आता सहा वीस.
कळी स्टीलच्या पेल्यात उभी आहे,
पेल्यात तिची वाकडी सावली, माझं नाक.
पांढऱ्याला पांढरा लावायचा नसतो,
आजूबाजूचं सगळं रंगवायचं आणि तो राहू द्यायचा,
हे मला माहीत आहे, हाताला नाही.
टोकाशी किंचित हिरवट गुलाबी आहे,
म्हणजे मघाशी हिरवट होतं.

पंप सुरू झाला.
ब्रश हातातच.
आतून ही विचारते, "भरताय का मी भरू?"
"भर तू," म्हणालो,
आणि मग उठलोच.
मोठी बादली तिला उचलत नाही.